आजोबांची मालमोटार

वारशांत शेत आलें तर त्याचें काय करावें, हें आपल्या प्रांतांतील शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. शेत नांगरावें, बांध घालावा, विहिरींतील गाळ उपसावा, हें ज्ञान त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु वारशांत एखादें यंत्र आलें, आणि तेंही अनेक वर्षें पडून राहिलेलें असलें, म्हणजे घरांतील शहाणीं माणसेंही दोन चुकांपैकीं एक चूक करितात. कोणी तें भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकतात. कोणी त्याच दिवशीं नवी बॅटरी जोडून तें चालूं करूं पाहतात. पहिल्या चुकीनें वस्तु जाते. दुसरीनें वस्तु जाते व शिवाय पैसाही जातो. आम्हीं दुसरी चूक केली. तिजपासून जें शिकलों तें आमच्या शाळाबंधूंस उपयोगीं पडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गाडीची ओळख

आमचें गांव जऊळका. वाशीम व अकोला या दोन शहरांच्या दरम्यान लोहमार्गावर हें स्थानक आहे, आणि गांवास ‘जऊळका रेल्वे’ असेंच म्हणतात. पूर्वीं येथून मीटर मापाच्या रुळांवरून आगगाडी धांवत असे. २००८ सालीं रूळ रुंद झाले. आमच्या आजोबांची मालमोटार मात्र या बदलाच्या पुष्कळ आधींची. कापूस घेऊन वाशीमच्या बाजारास जाणें, पेरणीच्या दिवसांत बियाणें व खत आणणें, लग्नसराईंत मांडवाचें सामान वाहणें, हीं तिचीं कामें. आजोबांची दृष्टि मंद झाली त्या वर्षीं त्यांनीं ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखालीं उभी केली, आणि तेथेंच ती अकरा वर्षें उभी राहिली. दरम्यान आजोबा वारले.

ही गाडी ‘एफसी १५०’ या जातीची. मूळ आराखडा अमेरिकेंतील विलिस कंपनीचा. तिनें ही जात १९५६ सालीं बाजारांत आणिली. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत विलिसची जीपगाडी जोडण्यास आरंभ केला, आणि १९६५ सालीं हलक्या मालवाहू गाड्यांचें काम हातीं घेतलें. ‘एफसी’ हीं अक्षरें ‘फॉरवर्ड कंट्रोल’ या शब्दांचीं होत. चालकाचें आसन मागें नसून अगदीं पुढें असतें, आणि इंजिन बसणाऱ्याच्या बाजूस एका झांकणाखालीं असतें. त्यामुळें गाडीस नाक नाहीं, तोंड सपाट. थोड्या लांबींत मालासाठीं अधिक जागा मिळावी, हा त्यांतील हेतु.

आजोबांच्या पश्चात् घरांत विचार निघाला. थोरल्या काकांचें म्हणणें, छपराची जागा सोयाबीनच्या पोत्यांस हवी आहे. गाडी वजनावर द्यावी. आजी एवढेंच म्हणाली, “विकायची तर विका, पण चालती करून विका.” तेव्हां काकांनीं आम्हां चुलतभावांस अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली. तोंवर गाडी चालली नाहीं, तर भंगारवाला येणार, असें ठरलें.

आमची चूक

दिवाळीच्या सुटींत आम्हीं नवी बॅटरी आणिली. हॅण्डल घालून पाहिलें. इंजिन फिरत होतें. टाकींत तळाशीं थोडें जुनें पेट्रोल होतें. त्याचा वास रंगाच्या डब्यासारखा येत होता. आम्हीं त्यावरच दोन लिटर नवें पेट्रोल ओतलें. बऱ्याच खटपटीनंतर धुराचा लोट निघाला आणि इंजिन सुरू झालें! शेजारीपाजारी जमले, पेढे वांटले गेले. पाव घटका इंजिन चालवून आम्हीं तें बंद केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां बटण दाबलें, तों आंत ‘टक् टक्’ असा कठीण आवाज झाला. त्यानंतर इंजिन फिरे, परंतु धड चालेना. काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं छपराची लांबीरुंदी मात्र मोजून घेतली.

अखेरीस मालेगांवकडील एक वृद्ध मिस्त्री, ज्यांनीं आजोबांच्या हयातींतही ही गाडी पाहिली होती, त्यांस आम्हीं बोलावून आणिलें. त्यांनीं टाकीचें झांकण उघडून नाकाशीं धरलें, आणि म्हणाले, “पोरंहो, गाडी चालू करनं सोपं असते. पह्यले तिले पाहा, मंग तिले थांबोनं शिका, अन् मंग चालू करा.” आमचा पुढील सर्व अभ्यास या तीन वाक्यांचा विस्तार होय.

झडपा कां अडकल्या?

आधीं हें इंजिन समजून घेऊं. त्यास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास सुमारें ७९.४ मिलिमीटर, आणि पिस्टनाची धांव १११.१ मिलिमीटर. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः पडताळून पाहावें. व्यास ७.९४ सेंटिमीटर धरिला असतां वर्तुळाचें क्षेत्रफळ ४९.५ चौरस सेंटिमीटर येतें, त्यास ११.११ नीं गुणिलें म्हणजे एका सिलिंडराचें घनफळ ५५० घन सेंटिमीटर. आणि चारांचें मिळून २२००. गाडीच्या कागदांवर ‘सीसी’ म्हणून जो आंकडा लिहितात तो हाच.

प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा असतात. एकींतून पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत येतें. दुसरींतून जळालेला वायु बाहेर जातो. या इंजिनाचें वैशिष्ट्य असें कीं, आंत घेणारी झडप वर माथ्यांत आहे, आणि बाहेर सोडणारी खालीं ठोकळ्यांत, सिलिंडराच्या बाजूस. वरची झडप उघडण्यासाठीं खालच्या कॅमदांड्याचा उंचवटा एका लांब सळईस वर ढकलतो. ही सळई म्हणजे पुशरॉड. ती वरच्या तरफेचें एक टोंक उचलते, आणि तरफेचें दुसरें टोंक झडपेस खालीं दाबतें.

आतां पेट्रोलाकडे वळूं. पेट्रोल अनेक वर्षें उभें राहिलें म्हणजे त्यांतील हलका भाग उडून जातो. उरलेल्या भागाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन राळेसारखा चिकट पदार्थ बनतो. नवें पेट्रोल ओतलें म्हणजे ही राळ त्यांत विरघळते व इंजिनांत जाते. इंजिन गरम आहे तोंवर ती मऊ असते, म्हणून पहिल्या दिवशीं आमचें कांहीं अडलें नाहीं. रात्रीं इंजिन थंड झालें आणि झडपेच्या दांड्यावर ती राळ सरसाप्रमाणें घट्ट बसली. सकाळीं कॅमदांडा फिरला, त्यानें पुशरॉड ढकलली. झडप मात्र हलेना. तेव्हां सर्वांत दुर्बळ जो भाग, तो वांकला. आमच्या दोन पुशरॉड वांकल्या होत्या. पहिल्या दिवशींचे पेढे या दृष्टीनें फार महाग पडले!

उपाय असा झाला. टाकी खालीं उतरविली, आंत बारीक खडी व धुण्याचें पाणी घालून दोघांनीं ती हलवून हलवून घासली, नंतर पूर्ण वाळविली. पेट्रोलपंपाचा फाटका पडदा बदलला. कार्ब्युरेटर उघडून त्याचीं बारीक छिद्रें स्वच्छ केलीं. मात्र त्यांत तार घातली नाहीं, कारण तारेनें छिद्र मोठें होतें आणि मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें. झडपांचे दांडे व त्यांच्या नळ्या धुऊन काढल्या. राहिलेल्या पुशरॉड सरळ आहेत कीं नाहींत, हें कांचेच्या सपाट तावदानावर लोळवून पाहिलें. सळई वांकडी असेल तर ती लंगडत लोळते व तिच्याखालीं फट दिसते.

यानंतर इंजिन कसें जागें करावें, हेंही मिस्त्रींनीं दाखविलें. आधीं जुनें ऑइल काढून नवें भरावें. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर हलकें ऑइल सोडावें व एक दिवस तसेंच राहूं द्यावें. मग हॅण्डलानें हातींच फिरवावें. हातास कोठें अडथळा लागल्यास तेथेंच थांबावें. बटणाची मोटर आंधळी असते. हातास मात्र कळतें. सर्व सुरळीत फिरलें म्हणजे, प्लग काढलेलेच असतां, बटणानें फिरवून ऑइलचा दाब कांट्यावर दिसूं द्यावा. त्यानंतरच प्लग बसवावे. प्लगांच्या तारांचा क्रम १-३-४-२ असा आहे. तो चुकल्यास इंजिन खोकतें, चालत नाहीं.

दाब मोजतां तीन सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले, चौथा उणा. उणा दाब दोन कारणांनीं असूं शकतो: पिस्टनाच्या कड्या झिजल्या असतील, किंवा झडप नीट मिटत नसेल. यांतील कोणतें कारण, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. त्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हां मोजावें. ऑइलनें कड्यांची फट भरून येते. म्हणून दाब वाढला तर दोष कड्यांचा. आमचा दाब वाढला नाहीं. म्हणजे दोष झडपेचा. बाहेर सोडणारी झडप काढून तिची बैठक घासण्याच्या लेपानें घासून घेतली, आणि काम भागलें. तर्कशास्त्राच्या पुस्तकांतील व्यतिरेकाचें उदाहरण आम्हांस असें इंजिनांत सांपडलें.

झडपांची फट किती ठेवावी, याची चिंता होती. ती आजोबांच्या एका वहीनें दूर केली. वहींत त्यांनीं पेन्सिलीनें प्रत्येक वेळीं बदललेल्या ऑइलची तारीख लिहिली होती, आणि पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस टीप होती: इंजिन थंड असतां वरच्या झडपेस ०.०१८ इंच, खालच्या झडपेस ०.०१६ इंच. ही फट कशासाठीं? धातु तापला म्हणजे लांब होतो. फट न ठेविल्यास तापलेली झडप पूर्ण मिटणार नाहीं व तिची कड जळेल.

थांबविण्याचें शास्त्र

इंजिन नीट झालें, तरी मिस्त्री गाडी हलवूं देईनात. चाकें काढून त्यांनीं ब्रेक दाखविले. पायानें दाबलेला जोर नळीतील द्रवानें चारही चाकांस पोंचतो. बंद द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा सतराव्या शतकांतील पास्कलचा नियम आपण पदार्थविज्ञानांत शिकतों, तोच येथें राबतो. परंतु त्याच नियमांत एक धोका आहे. त्या काळच्या गाड्यांत सर्व चाकांस मिळून एकच द्रवमार्ग असे. कोठेंही एक थेंब गळूं लागला कीं दाब सर्वत्र जातो, आणि चारही ब्रेक एकदम निकामी होतात.

ब्रेकचा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. अकरा वर्षांत त्या ओलाव्यानें आमच्या चाकांतील छोट्या सिलिंडरांस आंतून गंज चढला होता, आणि रबरी वाट्या फुटल्या होत्या. बाहेरून सर्व जागच्या जागीं दिसत होतें. दिवाळींत झडपा अडकल्या नसत्या, तर आम्ही त्याच उत्साहांत गाडी स्थानकाच्या रस्त्यावर नेली असती, हें लक्षांत येऊन आम्ही चरकलों. ज्या अपघाताबद्दल हळहळत होतों, त्यानेंच कदाचित् एखाद्याचा जीव वांचविला होता.

सर्व रबरी भाग, नळ्या व द्रव बदलले. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ती फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसून घेतली. गाडी केवळ जॅकवर उचलून खालीं कधीं शिरलों नाहीं. भक्कम घोडे लावूनच काम केलें. टायरांवर वरवर रेघा शाबूत होत्या. परंतु कडांस बारीक भेगा पडल्या होत्या. रबर उन्हानें व वयानें मरतें, केवळ झिजेनें नव्हे. २००० सालापासूनच्या टायरांच्या कडेवर चार आंकडी खूण असते. ‘२३१९’ अशी खूण असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला, असें समजावें. वाचकांनीं घरच्या वाहनावर ही खूण अवश्य पाहावी.

विजेच्या तारा उंदरांनीं ठिकठिकाणीं कुरतडल्या होत्या. या गाडींत इंजिन बसण्याच्या जागेशींच असल्यामुळें पेट्रोलाची गळती व उघडी तार यांची गांठ पडणें म्हणजे मांडीशीं आग घेऊन बसणें होय. काम करतांना बॅटरीची तार सोडून ठेवावी, हा नियम आम्हीं घातला व पाळला.

काळ बदलला, पेट्रोल बदललें

ही गाडी जन्मली तेव्हांचें पेट्रोल आतां मिळत नाहीं. त्या वेळीं पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळीत. तें आरोग्यास घातक. परंतु झडपेच्या बैठकीस त्याचा लेप बसून तिची झीज कमी होई. १ फेब्रुवारी २००० पासून देशांत शिसेरहित पेट्रोलच विकलें जाऊं लागलें, आणि तें योग्यच झालें. तथापि मऊ बैठकीच्या जुन्या इंजिनानें जोराची व लांबची धांव घेऊं नये, आणि झडपांची फट वरचेवर तपासावी, हें आतां त्याच्या मालकाचें काम झालें. बैठक झिजत गेली कीं ती फट हळूहळू कमी होते.

पुढें २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल टप्प्याटप्प्यानें देशांत आलें. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे फुगवितें. यास्तव त्यास टिकणाऱ्या नव्या जातीचे भाग बसविले. तसेंच तें पाणी शोषतें, आणि पाणी फार झालें म्हणजे दोन्हीं मिळून टाकीच्या तळाशीं वेगळीं जमतात व गंज आणतात. म्हणून जी गाडी क्वचित् चालते, तिच्या टाकींत महिनोन् महिने पेट्रोल साठवूं नये. दिवाळीच्या धड्याचाच हा दुसरा अंक होय.

कागदांचा पुनरुद्धार

यंत्र दुरुस्त झालें तरी कागद दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. नोंदणी आजोबांच्या नांवें. मोटारवाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील नियम यांप्रमाणें मालक वारल्यास वारसानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें, आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवें करून घ्यावी, असें आहे. आमच्या घरीं शेताचा फेरफार वेळेवर झाला. गाडीची आठवण कोणास झाली नाहीं. शिवाय वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. गाडीची नोंद त्यापूर्वींची, म्हणजे अकोल्याची. त्यामुळें जुन्या नोंदीचा शोध अकोल्यापासून सुरू करावा लागला. सर्व वारसांच्या संमतीचे कागद गोळा करतांना जे काका भंगारवाल्याचा पक्ष घेत होते, त्यांनींच सर्वांत आधीं सही केली.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं निराळे नियम केले. अशा गाडीची वेगळी नोंदणी होते. परंतु मग ती प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांसाठींच रस्त्यावर न्यावी लागते, रोजच्या वापरास नव्हे. मालवाहू गाडीचा प्रश्न याहून निराळा पडतो. म्हणून अशी गाडी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं रंगरंगोटीवर पैसा घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन आपल्या गाडीचा वर्ग कोणता, हें आधीं विचारून घ्यावें.

समारोप

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधीं, कागद अद्याप पुरे झाले नसल्यामुळें, आम्हीं गाडी आमच्या शेतांतील वाटेनेंच विहिरीपर्यंत नेली. आरंभीं पहिल्या गिअरांत दहा पावलें, मग ब्रेक. पुन्हां दहा पावलें, पुन्हां ब्रेक. मिस्त्री शेजारीं चालत होते. विहिरीशीं गाडी थांबली, तेव्हां त्यांनीं मान डोलाविली. त्यांच्याकडून एवढेंच प्रशस्तिपत्र मिळालें. परततांना आजी पुढें बसली होती.

ती विकली कीं ठेविली, असें वाचक विचारतील. मुदत संपली त्या सायंकाळीं काकांनीं आजोबांची वही मागून घेतली. शेवटच्या तारखेखालीं अकरा वर्षांची मोकळी जागा होती. त्यांनीं तेथें पेन्सिलीनें नव्या ऑइलची तारीख लिहिली, आणि वही पुन्हां गाडींत ठेविली. सोयाबीनच्या पोत्यांसाठीं दुसरें छप्पर घातलें.

वाचकहो, आम्हांस यांतून एवढेंच सांगावयाचें आहे. पूर्वजांची वस्तु केवळ प्रेमानें जतन होत नाहीं. प्रेमानें तर आम्हीं पहिल्याच दिवशीं तिचीं हाडें मोडलीं होतीं. ती कशी बनली, कशानें बिघडते आणि कोठें धोका देते, हें शिकण्याचे कष्ट जो घेतो, तोच तिचा खरा वारस. आपल्या गांवीं कोणाच्या छपराखालीं असें एखादें यंत्र उभें असेल, तर या सुटींत तें चालूं करण्याची घाई करूं नये. आधीं त्याच्या टाकीचें झांकण उघडावें, वास घ्यावा, आणि गांवांतील वृद्ध मिस्त्री अजून हयात आहेत तोंवर त्यांच्यापाशीं जाऊन बसावें.